अलॉय रिमच्या कडेतून हळूहळू उतरणारी हवा: शोध आणि दुरुस्ती

एकाच चाकातली हवा दर आठ दिवसांनी कमी होते, ती पेट्रोल पंपावर भरली जाते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढीच उतरलेली आढळते. टायरवाल्याकडे चाक नेले तर तो ते पाण्याच्या टाकीत फिरवून पाहतो, खिळा सापडत नाही, आणि ‘पंक्चर नाही, साहेब’ असे सांगून चाक परत बसवतो. अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, रिम असलेल्या आणि चार-पाच पावसाळे पाहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत मुंबईत हे इतके सर्रास घडते की, अनेकांनी आठवड्याला हवा भरणे हाच त्यावरचा उपाय मानून घेतला आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाने मला असेच जवळजवळ वर्षभर फिरवले. त्या काळात एका दुकानाने व्हॉल्व्ह बदलला, दुसऱ्याने नायट्रोजन भरला आणि तिसऱ्याने टायरमध्ये चिकट द्रव ओतून दिला. दोष टायरमध्ये नव्हताच. तो रिमच्या आतल्या बाजूला, टायरची कड जिथे धातूला टेकते त्या बोटभर रुंदीच्या पट्ट्यावर होता. ही दुरुस्ती अवघड नाही, मात्र ती घाईत होत नाही, आणि हवा नेमकी कोठून जाते हे ठरवल्याशिवाय तिला हात घालू नये.

प्रथम हवा खरोखर गळते आहे की नाही, हे पाहावे. निर्दोष टायरमधूनही रबराच्या अंगातून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कमी होतच असते, आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने कमी दिसतो. त्यामुळे जानेवारीतल्या थंड सकाळी दुपारच्यापेक्षा दोन पीएसआय कमी दिसले, तर त्यात काळजीचे काही नाही. पावसाळ्यात मात्र मुंबईच्या दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो, म्हणून त्या दिवसांत चार दिवसांत चार पीएसआय उतरले, तर तापमानाला दोष देता येत नाही. दाब नेहमी चाके थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, आणि शक्यतो स्वतःच्या एकाच मापकाने मोजावा, कारण दोन पंपांवरची मापके एकमेकांशी जुळतीलच असे नाही. चारही चाके सारख्याच दाबाने भरून चार दिवस रोज सकाळी आकडे लिहून ठेवले की कोणते चाक इतरांपेक्षा मागे पडते ते स्पष्ट होते.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवणारी वेगळी ट्यूब नसते. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचे कडे असते, त्या कडेला दुकानात बीड म्हणतात, आणि ही बीड रिमच्या किंचित उतरत्या, सुमारे पाच अंशांच्या बैठकीवर आतल्या हवेच्या दाबाने घट्ट बसते. तेथे कोणतेही गॅस्केट नसते. रबर आणि गुळगुळीत धातू यांचा अखंड स्पर्श हीच सारी राखण असते. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो, पण मिठातले क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडते. एकदा रंगाखाली ओल शिरली की धातूवर पांढरी, भुकटीसारखी साय वाढू लागते. ही साय मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे वरचा रंग फुगतो, सुटतो आणि बीडला बैठकीवरून केसभर वर उचलतो. तेवढी फट हवेला पुरेशी असते.

माहीम, वरळी, वर्सोवा किंवा शिवाजी पार्कच्या समुद्राकडील गल्ल्यांमध्ये गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर खारी हवा बारा महिने तिच्यावर बसत असते, आणि पावसाळ्यात भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवरून गेलेल्या गाडीवर तर समुद्र स्वतःच येतो. त्यात खड्ड्यांनी रिमच्या कडेचा रंग टवका उडाल्यासारखा निघतो. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणारा मुलगा रिमचा दर्शनी भाग चकचकीत ठेवतो, पण मागच्या बाजूला ब्रेकची काळी धूळ आणि चिखल वर्षानुवर्षे साचत राहतो. माझ्या पाहण्यात या प्रकारच्या गळतीची बहुतेक प्रकरणे त्या न दिसणाऱ्या आतल्या कडेचीच निघाली आहेत.

गळती शोधणे

सुरुवात स्वस्त शक्यतांपासून करावी. व्हॉल्व्हचे टोपण काढून त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब फुगू लागला तर आतली पिन सैल किंवा खराब आहे, आणि ती बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर व्हॉल्व्हचा रबरी दांडा हलकेच एका बाजूला वाकवून त्याच्या बुडाशी पाणी सोडावे, कारण जुन्या रबराच्या भेगा तो सरळ असताना मिटलेल्या असतात आणि वाकवल्यावरच उघडतात. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात रुतलेला बारीक खिळा किंवा तारेचा तुकडा नाही ना, हेही चाक संपूर्ण फिरवून पाहावे.

यातून काही निष्पन्न झाले नाही, तर चाक उतरवावे. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढून गिअर टाकावा, तिरक्या विरुद्ध चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलण्याआधीच पान्याने नट थोडे सैल करावेत. जॅकवरील गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. चाक काढून रबरी पायपुसण्यावर आडवे ठेवावे, टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा न ओलांडता दाब ४० पीएसआयपर्यंत वाढवावा, आणि भांडी घासण्याचा द्रव घातलेले पाणी टायर व रिम यांच्यामधल्या खोबणीत सगळीकडून ओतावे, म्हणजे ते खंदकासारखे तेथे साचून राहील.

यानंतरचा भाग संयमाचा आहे. खिळ्याच्या छिद्रातून मोठे बुडबुडे लगेच येतात. बीडच्या गळतीत तसे होत नाही. पाच-दहा मिनिटांनी एखाद्या जागी दुधाच्या फेसासारखा बारीक पांढरा फेस जमू लागतो, आणि तोच पुरावा असतो. टायरवाल्याच्या टाकीत चाक अर्धा मिनिट फिरवले जाते आणि फिरवताना सुटणाऱ्या इतर बुडबुड्यांत हा फेस हरवून जातो, म्हणूनच ‘पंक्चर नाही’ हे त्याचे उत्तर खरे असूनही अपुरे असते. फेस दिसला त्या जागी टायर आणि रिम या दोहोंवर खडूने समोरासमोर खुणा कराव्यात, नंतर चाक उलटे करून दुसऱ्या बाजूची हीच तपासणी करावी. व्हॉल्व्हच्या समोर टायरवरही एक खूण करावी, कारण टायर काढल्यावर दोष रिमचा की टायरच्या कडेचा हे या खुणांवरूनच कळते.

फेस कडेतून न येता रिमच्या धातूतूनच, विशेषतः आतल्या नळकांड्यासारख्या भागावरून येत असेल, तर तो तडा आहे. अशा रिमसाठी पुढची कृती लागू होत नाही. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

टायर काढणे आणि बैठक साफ करणे

बीड रिमपासून सोडवण्याचे काम घरी पहारीने करू नये. अॅल्युमिनियमची कड पोलादापुढे टिकत नाही आणि एका गळतीच्या जागी दोन होतात. टायर बदलण्याचे यंत्र असलेल्या दुकानात जावे, शक्यतो मधल्या वारी दुपारी, कारण शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईकांची रांग लागलेली असताना कोणताही कारागीर एका रिमसाठी अर्धा तास देणार नाही. काम काय आहे ते आधीच सांगावे: ‘भाऊ, पंक्चर नाही, रिमच्या कडेतून हवा जाते, टायर काढून बैठक घासायची आहे, त्याचे वेगळे पैसे देतो.’ हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. पंक्चरच्या पैशांत हे काम मागितले, तर ते पंक्चरच्या वेळातच उरकले जाते. गाडीत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर काही गाड्यांत व्हॉल्व्हच्या मागे रिमच्या आत सेन्सर असतो, तेही टायर काढण्यापूर्वी सांगावे, म्हणजे बीड दाबणारा पाता त्या बाजूला लावला जाणार नाही.

टायर निघाल्यावर रिमकडे नीट पाहावे. खडूच्या खुणेजवळ बहुधा फुगलेला रंग, पांढरी भुकटी आणि जुन्या रबराचा काळा, कडक थर एकत्र दिसतात. साफ करायचा भाग म्हणजे बीड टेकते ती बैठक, तिला लागून उभी असलेली बाहेरची कड, आणि आतल्या बाजूला जो बारीक उंचवटा असतो तेथपर्यंतचा पट्टा. केवळ खुणेची जागा घासून थांबू नये. एका जागी रंग सुटला आहे याचा अर्थ शेजारी ओल पोचलेली आहे, म्हणून संपूर्ण वर्तुळ, आणि एवढे कष्ट घेतलेच आहेत तर दोन्ही बाजूंची वर्तुळे साफ करावीत.

सुटलेला रंग प्रथम लाकडी किंवा कडक प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा आणि रंग जिथे धातूला घट्ट धरून आहे तेथेच थांबावे. नंतर १२० क्रमांकाच्या आणि शेवटी २४० ते ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग सारखा करावा, म्हणजे रंग आणि उघडा धातू यांच्या सीमेवर बोटाच्या टोकाला पायरी जाणवणार नाही. पेपर नेहमी रिमच्या गोलाईच्या दिशेने फिरवावा, आडवा फिरवू नये, कारण बैठकीवर आडवा गेलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे आतल्या हवेला बाहेर जाण्यासाठी आपणच खोदून दिलेला पाट होय. साध्या लोखंडी तारेचा ब्रशही वापरू नये. त्याचे सूक्ष्म कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात, गंजतात आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा फुगते. नायलॉनचा कडक ब्रश किंवा हिरवी घासणी पुरते, फार चिवट थर असेल तर स्टेनलेस स्टीलचा ब्रश चालतो. ग्राइंडरची दगडी चकती मात्र कितीही आग्रह झाला तरी रिमला लावू देऊ नये. ती दहा सेकंदांत बैठकीला असा खड्डा पाडते, जो कोणत्याही लेपाने भरत नाही. घासताना उडणारी भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क असावा.

घासून झाल्यावर पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने, फडके काळे येणे थांबेपर्यंत पुसून घ्यावा. डोळ्यांपेक्षा नखावर अधिक विश्वास ठेवावा: नख हलकेच फिरवल्यावर ते अडकत नसेल, तर बैठक तयार आहे. सुईच्या टोकाएवढे खळगे राहिले तरी हरकत नाही. नख आत बसेल एवढे खळगे असतील, तर रिम पूर्ण सोलून पुन्हा रंगवून घ्यावे लागेल.

आता उघड्या पडलेल्या धातूचा प्रश्न उरतो. समुद्राजवळ राहणाऱ्याने तो तसाच ठेवला, तर एक-दोन वर्षांत हेच काम पुन्हा करावे लागण्याची शक्यता मोठी आहे. स्टेपनीवर गाडी चालवून रिम एक रात्र घरी ठेवता येत असेल, तर अॅल्युमिनियमवर धरणाऱ्या प्रायमरचा एकच अतिशय पातळ हात द्यावा आणि तो डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका पूर्ण वाळू द्यावा. जाड किंवा ओघळलेला रंग बीडखाली गुठळीसारखा काम करतो आणि गळती परत आणतो. रिम त्याच दिवशी परत बसवायचे असेल, तर प्रायमरच्या फंदात पडू नये. स्वच्छ धातू आणि बीड सीलरचा पातळ थर एवढ्यावर भागवावे.

बीड सीलर हा पातळ डांबरासारखा दिसणारा काळा, रबरी द्रव टायरच्या मोठ्या दुकानांत डब्यात मिळतो. तो ब्रशने रिमच्या बैठकीवर पातळ लावावा आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे थोडा सुकू द्यावा. त्याचे काम बारीक खळगे भरण्याचे आहे. न घासलेल्या बैठकीवर, पांढऱ्या भुकटीच्या वरूनच तो फासून देणे ही या धंद्यातली नेहमीची पळवाट आहे. भुकटी सुटली की तिच्यासह सीलरही सुटतो. घरात उरलेले खिडकीचे सिलिकॉन वापरण्याचा मोहही टाळावा, कारण त्याच्या आंबट वासाच्या प्रकारातून वाळताना ॲसिटिक आम्ल बाहेर पडते आणि ते अॅल्युमिनियमलाच खाते.

टायरची कडही तितक्याच लक्षाने पाहावी. चिकटलेले जुने रबर आणि धातूची भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, पेट्रोल किंवा डिझेल लावू नये. कडेला चीर जाऊन आतली तार दिसत असेल, तर तो टायर परत बसवू नये. रबरी व्हॉल्व्ह या वेळी नवा टाकावा. तो किरकोळ किमतीचा असतो आणि त्यासाठी पुन्हा टायर काढणे परवडत नाही. व्हॉल्व्हच्या भोकाच्या कडेलाही तीच पांढरी साय धरते, म्हणून जुना काढल्यावर तेथेही पेपरची एक फेरी मारावी.

परत बसवणे

टायर चढवताना त्यासाठीच असलेली पेस्ट वापरावी. कपड्यांच्या साबणाचे घट्ट पाणी अनेक दुकानांत सर्रास वापरले जाते, पण त्यातला क्षार बैठकीवर राहून पुढे अॅल्युमिनियमलाच बाधतो. ग्रीस किंवा तेल तर अजिबात चालत नाही. हवा भरताना सुरुवातीला व्हॉल्व्हची पिन काढून ठेवली, तर हवा जोरात शिरते आणि दोन्ही कडा एकापाठोपाठ ‘फट्’ असा आवाज करून बैठकीवर बसतात. या वेळी कोणीही चाकावर ओणवे राहू नये. ४० पीएसआयपर्यंत कड बसली नाही, तर दाब आणखी वाढवू नये. हवा सोडून, पुन्हा पेस्ट लावून नव्याने प्रयत्न करावा. टायरच्या बाजूवर, रिमच्या अगदी जवळ, गोलाकार बारीक रेघ असते; ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसली, तरच कड नीट बसली असे समजावे.

मग पुन्हा दोन्ही बाजूंना साबणाचे पाणी आणि पुन्हा दहा मिनिटे. दुकानात ही दहा मिनिटे फार लांब वाटतात. तरीही ती घ्यावीत.

बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजने लावून चाक समतोल करणे, नव्याने करावेच लागते. येथे एक आग्रह धरावा: कडेला ठोकून बसवायची क्लिपची वजने न घेता आत चिकटवायची वजने घ्यावीत. क्लिप कडेचा रंग खरवडते आणि पोलाद व अॅल्युमिनियम यांच्यामध्ये खारी ओल शिरली की गंज नेमका तेथूनच सुरू होतो. चाक गाडीला लावताना हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज ब्रशने झाडावा, नट प्रथम हाताने धरवावेत, आणि चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून समोरचा, असे आवळावेत. हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू देऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर), जो बहुतेक लहान गाड्यांत १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, टॉर्क पान्याने द्यावा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर तो पुन्हा तपासावा.

ज्या उपायांवर माझे पैसे गेले त्यांविषयीही दोन शब्द. नायट्रोजनने बीडची गळती थांबत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि केसभर फटीला दोन्ही सारखेच. टायरमध्ये ओतायचा चिकट द्रव जमिनीला टेकणाऱ्या भागातील छिद्रासाठी असतो. चाक फिरू लागले की तो बाहेरच्या परिघाकडे फेकला जातो, म्हणजे बीडपासून सर्वांत दूर. रस्त्यात अडकल्यावर पंक्चरसाठी तो उपयोगी आहे हे मान्य, पण पुढे टायर काढताना तो रिमभर पसरलेला आढळतो आणि सेन्सर असेल तर त्यालाही लागतो.

खड्ड्याने वाकलेल्या कडेची गोष्ट निराळी आहे. चाक जॅकवर फिरवून एका स्थिर काडीपासूनचे अंतर पाहिले की वाक दिसतो. गॅसच्या ज्योतीने तापवून हातोड्याने सरळ केलेले अलॉय मी स्वतः वापरणार नाही, कारण ओतीव अलॉयची ताकद कारखान्यात नियंत्रित उष्णता देऊन आणलेली असते आणि ज्योत ती त्या जागी कमी करते. तडा गेलेले रिम तर वेल्डिंग करूनही पुढच्या चाकाला, आणि पुणे एक्स्प्रेसवेच्या वेगाला, लावण्याजोगे राहत नाही, ते बदलावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून वापरलेले रिम घेणार असाल, तर ते टायरशिवाय पाहावे आणि ताज्या रंगाखाली आतल्या बाजूला वेल्डिंगचा उंचवटा नाही ना, हे बोट फिरवून तपासावे.

दुरुस्तीनंतर सात दिवस रोज सकाळी चारही चाकांचा दाब लिहावा. एका पीएसआयचा इकडचा तिकडचा फरक मापकाचाही असू शकतो. दुरुस्त केलेले चाक इतर तिघांबरोबर राहिले, तर काम झाले. ते तीन मात्र त्याच वयाचे, त्याच पावसात भिजलेले आणि त्याच समुद्राजवळ उभे राहिलेले असतात, म्हणून टायर बदलायची वेळ येईल तेव्हा नवे टायर चढवण्यापूर्वी त्यांच्याही बैठका घासून घ्याव्यात; टायर उतरलेलेच असल्यामुळे तेव्हा खर्च फक्त पॉलिश पेपरचा आणि कारागिराच्या अर्ध्या तासाचा येतो.